वाघासाठी नोकरी धरली, गाठ पडली गावाशी

पूर्व विदर्भातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि काही तपशील गाळून त्याचा गोषवारा देत आहोत. वय २६, शिक्षण बी.एस्सी. प्राणिशास्त्र. घर धानपट्ट्यातलं, वडील शेतकरी. वनरक्षक म्हणून निवड झाली, प्रशिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली चंद्रपूर जिल्ह्यातल्या प्रादेशिक विभागाच्या (व्याघ्र प्रकल्प-अभयारण्यांबाहेरचं जंगल सांभाळणाऱ्या) एका बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यावर. आता तिसरं वर्ष चालू आहे. त्या लिहितात, "मला लहानपणापासून वन्यजीव अधिकारी व्हायचं होतं. इथं माझे दिवस ढोरांचे पंचनामे, अतिक्रमणाच्या तक्रारी आणि रोपवनाच्या खड्ड्यांत जातात." गेल्या मोहफुलांच्या हंगामात त्यांच्या बीटमध्ये गावातली एक बाई वाघाच्या हल्ल्यात गेली. खात्यातून सर्वांत आधी पोचल्या त्या ह्याच. "आमची माय नेली तुमच्या वाघानं, आता काय करता?" ह्या प्रश्नाला त्यांना उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून गावात कुणी धड बोलत नाही आणि रात्री झोप लागत नाही. राजीनामा देऊन पुण्याला जावं, एमपीएससीतून आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे रेंजर) किंवा एसीएफ (सहायक वनसंरक्षक) व्हावं आणि मग ताडोबात "खरं वन्यजीवांचं काम" करावं, असं त्यांच्या मनात आहे. आईवडील म्हणतात, टेबलाची नोकरी बघ, नाहीतर लग्न करून घे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे: राजीनामा देऊ का?

ताई,

राजीनाम्याचं पुढे बोलू, आधी झोपेचं. हल्ल्याच्या जागी पहिल्यांदा पोचणाऱ्या माणसाला जे बघावं लागतं ते काही दिवस डोळ्यांपुढून हलत नाही, हे स्वाभाविक आहे. पण हंगाम सरून गेला तरी झोप येत नसेल, त्या वाटेवर पाय टाकताना छाती धडधडत असेल, तर त्यावर उपचार आहेत आणि ते घ्यायला हवेत. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. खात्यात सगळ्यांना सांगायची गरज नाही, फक्त तुमच्या राऊंड साहेबांना (वनपालांना) एवढं सांगा की काही दिवस त्या भागातली गस्त एकटीनं नको. असंही गस्त एकट्यानं करूच नये, वनमजूर किंवा गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलातला एखादा पोरगा सोबत असावा. झोप परत येईपर्यंत राजीनाम्याचा कागद लिहू नका. हे सांगून मी निर्णय टाळत नाही. थकलेल्या डोक्याला सुटका तेवढी दिसते, पुढचं दिसत नाही.

आता तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट. तुम्ही "वन्यजीव अधिकारी" हे एक वेगळं पद धरून चालला आहात. महाराष्ट्रात तशी वेगळी भरती नाही. वनरक्षक खातं भरतं, आरएफओ आणि एसीएफ एमपीएससीतून येतात, भारतीय वन सेवेचे अधिकारी यूपीएससीतून. ह्याच माणसांतून कुणाला वन्यजीव विभाग मिळतो, कुणाला प्रादेशिक, कुणाला सामाजिक वनीकरण, कुणाला कार्य आयोजना, तर कुणी प्रतिनियुक्तीवर वनविकास महामंडळात जातो. बदली झाली की विभाग बदलतो. म्हणजे तुम्ही उद्या आरएफओ झालात तरी पहिली नेमणूक ताडोबातच मिळेल असं कुणी लिहून देणार नाही. ती कदाचित आत्ता आहात तशाच एखाद्या प्रादेशिक रेंजला मिळेल, आणि तिथंही अतिक्रमण, रोपवन, पंचनामे हेच असेल. बारावीनंतर "मला वाइल्डलाइफमध्ये जायचंय" म्हणणाऱ्या पोरापोरींनीही हे आधीच समजून घ्यावं.

दुसरं असं की, खरं काम व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत चालतं हे बरोबर नाही. वाघाची पिल्लं साधारण दोन वर्षांची झाली की आईपासून सुटतात आणि स्वतःची जागा शोधायला निघतात. नर तर फार लांब जातात. टिपेश्वरहून निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ साली तेलंगणाच्या हद्दीत जाऊन, पुन्हा विदर्भात येऊन, पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या वाटेवर अभयारण्यं किती होती? थोडी. बाकी सगळी शेतं, नाले, झुडपी जंगल आणि तुमच्यासारख्यांची प्रादेशिक बीटं. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक विभागात वाघ नुसते ये-जा करत नाहीत, तिथं राहतात आणि पिल्लं वाढवतात. ताडोबातून उमरेड-पवनी-करांडल्याकडे किंवा नवेगाव-नागझिऱ्याकडे जाणारा वाघ अशाच जंगलातून जातो. तो वाटेत विजेच्या तारेला चिकटतो, विषानं मरतो की सुखरूप पार होतो, हे कोअरमधला, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यातला माणूस ठरवत नाही. ते बीटवरच्या नाकेदाराच्या, म्हणजे वनरक्षकाच्या हातात असतं.

तिसरं, अधिकाराबद्दल. मोठं पद असतं तर त्या दिवशी काहीतरी करता आलं असतं, असं तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून जाणवतं. वाघासारखा अनुसूची १ मधला प्राणी पकडायची किंवा मारायची परवानगी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. रेंजर देऊ शकत नाही, डीएफओ (विभागीय वन अधिकारी) देऊ शकत नाहीत. आधी कॅमेरे लावून नेमका कोणता वाघ ते ओळखावं लागतं. दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे असतात म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात. मग प्रस्ताव वर जातो, आदेश येतो, पशुवैद्यकाचं पथक येतं. ह्यात दिवस जातात. तेवढे दिवस जमावासमोर तुम्हीही उभ्या असता आणि रेंजरही. फरक इतकाच की रेंजरला वीस-पंचवीस बीटांचं उत्तर द्यावं लागतं. तेव्हा तुमच्याकडे उत्तर नव्हतं ह्याला तुमची पायरी कारण नाही. ही प्रक्रिया गावाला आधी कुणी सांगितलीच नव्हती, आणि माणूस गेल्यावर ती सांगायला गेलं तर कानावर हात ठेवतात, ते समजण्यासारखं आहे. ती ग्रामसभेत दिवाळीनंतर, शांतपणे, फळ्यावर लिहून सांगावी.

आणि आता त्या कामाबद्दल, जे तुम्ही "ढोरांचे पंचनामे" म्हणून बाजूला सारलंत. माझं ठाम मत आहे की वाघ वाचवण्याचं बीटवरचं सगळ्यात मोठं काम तेच आहे. वाघानं बैल मारला की तो पहिल्या रात्री सगळा खात नाही. दुसऱ्या संध्याकाळी परत येतो. त्या मधल्या वेळात चिडलेल्या मालकानं पिकावर मारायचं कीटकनाशक त्या मढ्यावर ओतलं, तर वाघीण जाते, पिल्लं जातात, कोल्हे-गिधाडं जातात. मालक विष ओततो की तुम्हाला फोन करतो, हे मागच्या वेळी त्याच्या शेजाऱ्याला पैसे मिळाले की नाही त्यावर ठरतं.

म्हणून पंचनामा असा करा की तो वर अडकणार नाही. मालकानं ४८ तासांत कळवायचं आणि मढं जागेवरून हलवायचं नाही, हे गावात प्रत्येक ढोरक्याला पाठ असलं पाहिजे. तुम्ही पोचल्यावर आधी आजूबाजूचं बघा, मढ्याजवळ नंतर जा. फरफट कुठून आली, पगमार्क कुठं आहेत, रक्त कुठं सांडलं, ह्यांवर पन्नास माणसांचे पाय पडण्याआधी फोटो घ्या. फोटोत तारीख, वेळ आणि जीपीएस हवं. मग गळा किंवा मान. सुळ्यांच्या दोन खड्ड्यांमधलं अंतर टेपनं मोजा, टेपसकट फोटो काढा. वाघाचं अंतर बिबट्यापेक्षा जास्त भरतं. खाणं कुठून सुरू झालं ते लिहा, वाघ बहुधा मागच्या मांडीकडून लागतो. कातडीखाली चाव्याभोवती रक्त साकळलेलं आहे का, ते पशुधन विकास अधिकाऱ्यांना मुद्दाम बघायला सांगा. जनावर जिवंत असताना चावा बसला तरच तसं रक्त साकळतं. साप चावून किंवा आजारानं मेलेल्या ढोरावर नंतर जंगली जनावर येऊन गेलं असेल, तर ते इथंच उघडं पडतं, आणि खरा दावा असेल तर इथंच पक्का होतो.

बहुतेक दावे जंगलात अडकत नाहीत, कागदात अडकतात. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा. बिल्ला आजोबांच्या नावावर, खातं नातवाचं. पासबुकाची झेरॉक्स इतकी काळी की आयएफएससी वाचता येत नाही. खातं दोन वर्षं वापरात नाही म्हणून बँकेनं थांबवलेलं. हे सगळं पंचनाम्याच्या दिवशीच तिथं बसून तपासलं तर महिन्या-महिन्याच्या फेऱ्या वाचतात. गाय, म्हैस, बैल ह्यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी रक्कम मिळते, हा आकडा मालकाला त्याच दिवशी सांगा. जास्त आशा दाखवू नका. प्रकरण दाखल झाल्याची तारीख त्याच्या हातात लिहून द्या. आणि शक्य असेल तर त्या संध्याकाळी मढ्यावर कॅमेरा लावा, पहाऱ्याला माणूस ठेवा. त्यात वाघाचा फोटोही मिळतो आणि विषही टळतं.

माणूस गेला तर ही सगळी जबाबदारी कित्येक पटींनी वाढते. तुम्ही एकट्या जमावात जायचं नाही, रेंजर आणि पोलीस पोचेपर्यंत पोलीस पाटलांना सोबत घ्यायचं. "मारून टाकू", "उद्या पकडू" असलं काही बोलायचं नाही, कारण तो शब्द पाळणं तुमच्या हातात नाही. जे हातात आहे तेच बोलायचं: शव सन्मानानं गावात आणू, आज रात्रीपासून गस्त राहील, कागद आम्ही करू. आणि ते कागद खरंच करायचे. मृत्यू झाल्यास राज्यात वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे, काही रक्कम लगेच, बाकीची मुदत ठेवीत. पण शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद जुळवताना घरची माणसं तहसीलच्या पायऱ्यांवर बसून थकतात. त्या घरातल्या मुलासोबत तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत, बँकेत तुम्ही गेलात का? गेल्या नसाल तर ह्या आठवड्यात जा, पैसे मिळाले असले तरी जा. त्या बाईच्या घरी जाऊन बसा, वर्दीत नको, साध्या कपड्यांत. बोलायला काही नसलं तरी चालेल. गाव तुमच्याशी बोलत नाही ह्याचं कारण राग आहे, असं मला वाटत नाही. तुम्हीच त्यांना टाळताय असं त्यांना वाटत असण्याची शक्यता जास्त आहे.

मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा येईल, त्याची तयारी फेब्रुवारीत करायची. फुलं रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात. ढोरं, चितळ, अस्वल यांच्या तोंडी जाण्याआधी वेचायची म्हणून बाया अंधारात निघतात. वेचताना वाकलेल्या असतात, एकेकट्या झाडाखाली पांगलेल्या. वाकलेला माणूस वाघाला दुरून माणसासारखा दिसत नाही. "जंगलात जाऊ नका" हा सल्ला फुकट आहे, कारण त्या फुलांवर घराचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो. त्याऐवजी असं सांगता येईल: उजाडल्यावरच निघा, चार-पाच जणींनी एकत्र, एक जण उभी राहून राखणीला, आणि झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी आदल्या संध्याकाळीच अंथरा. फुलं कापडावर पडली की अंधारात धावायची घाई कमी होते. ह्याचा दुसरा फायदा म्हणजे फुलं दिसावीत म्हणून पालापाचोळा जाळायची गरज उरत नाही, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून ह्या वणव्याच्या दिवसांत तुमच्या बऱ्याच आगी तिथूनच लागतात. वाघीण पिल्लांसह कुठं बसली आहे हे तुम्हाला कळलं की ती बोडी (छोटं तळं), तो नाला त्या आठवड्यापुरता टाळायला सांगा. जागेचं नाव घेऊन सांगितलं तर लोक ऐकतात.

ताडोबाकडे बदली मागावी का, असाही एक रस्ता आहे. विनंती बदलीचा अर्ज जरूर करता येतो. पण तिथलं आयुष्य जाणून मगच करा. संरक्षण कुटीत राहणं, सोलरवर चालणारा दिवा, नेटवर्क नाही, उन्हाळ्यात पाणवठे भरणं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं, हंगामात पर्यटकांच्या गाड्यांचे नियम सांभाळणं. मेळघाटात गेलात तर डोंगर चढणं आणि कोरकू शिकणं त्यात धरा. धोका तिथं कमी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोअरमध्ये व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. हे तुम्हाला ठाऊकच असणार, पण तुमच्या आईवडिलांना प्रादेशिक बीट धोक्याचं आणि प्रकल्प सुरक्षित वाटत असेल तर तो गैरसमज दूर व्हायला हवा. सामाजिक वनीकरण किंवा विभागीय कार्यालयातलं काम त्यांना हवं आहे तसं शांत असतं. आयुष्यात एखाद्या टप्प्यावर, मूल लहान असताना वगैरे, ते घेणं अगदी योग्य ठरतं. लग्न मात्र नोकरीच्या वैतागावर औषध म्हणून करू नका. स्थळ बघताना बीटवर राहावं लागतं आणि रात्री-अपरात्री निघावं लागतं, हे पहिल्याच भेटीत सांगा.

आता एमपीएससी. द्याच. तुम्हाला रेंज सांभाळायची असेल, माणसं आणि निधी योग्य जागी लावायचा असेल, तर आरएफओचं पद त्यासाठीच आहे, आणि बीटवर उभा राहिलेला रेंजर खात्याला हवाच आहे. वनपालाची बढती ज्येष्ठतेनं येते, त्यात वर्षं जातात, म्हणून परीक्षेचा रस्ता योग्य आहे. प्राणिशास्त्राची पदवी चालते. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणजे २६ व्या वर्षी घाबरायचं कारण नाही. चालण्याच्या चाचणीची भीती तुम्हाला नाही, वनरक्षक भरतीत चार तासांत १६ किलोमीटर तुम्ही चाललाच आहात. पण राजीनामा देऊन पुण्याला जाणं मला पटत नाही. जागा दरवर्षी निघतीलच असं नाही, आणि निघाल्या तरी वनसेवेच्या जागा थोड्या असतात. खोली, मेस आणि अभ्यासिकेचा खर्च वडिलांच्या धानावर पडेल. आणि एक बाब जी वर्गात कुणी सांगत नाही: खात्याच्या परवानगीनं, योग्य मार्गानं अर्ज करून दुसऱ्या सरकारी पदावर निवड झाली आणि त्यासाठीच राजीनामा दिला, तर आधीची सेवा जोडली जाते. नुसताच राजीनामा दिला तर ती गेली. वर प्रशिक्षणाच्या वेळी तुम्ही बंधपत्र दिलं असेल, त्यात किती वर्षं आणि किती रक्कम आहे ते काढून वाचा.

अभ्यास बीटवर राहून होतो, फक्त त्याचं वेळापत्रक जंगलाच्या वेळापत्रकाला जुळवावं लागतं. वणव्याच्या चार महिन्यांत रोज तास-दीड तासापेक्षा जास्त धरू नका, नाहीतर अपराधीपणानं तेही सुटेल. जुलैत लागवड असते. ऑक्टोबर ते जानेवारी हा तुमचा खरा काळ, त्यात रोजचे चार तास निघतात. मुख्य परीक्षा जवळ आली की अर्जित रजा, आणि लागलीच तर असाधारण रजा मागा. असाधारण रजेत पगार नाही आणि वेतनवाढीवर परिणाम होऊ शकतो, तो कार्यालयातल्या लिपिकाला आधी विचारून घ्या. मुख्य परीक्षेत निसर्ग संवर्धन हा विषय आहे. कलम ९ शिकार, कलम ११ परवानगी, कलम ३९ सरकारी मालमत्ता, कलम ५० झडती आणि अटक, कलम ५५ न्यायालयात तक्रार, ही कलमं पुस्तकात रटण्यापेक्षा तुमच्या राऊंडमधली जुनी पीओआर (वनगुन्ह्यांच्या प्राथमिक अहवालांची) प्रकरणं काढून त्यांच्याशी ताडून बघा. कोणता आरोपी का सुटला, जप्तीच्या पंचनाम्यात कोणती सही राहिली, हे कळलं की मुलाखतीतही तुमचं बोलणं वेगळं ठरेल.

तुमच्या पत्रात वरिष्ठांच्या त्रासाचा उल्लेख नाही, तरी ह्या सदराच्या इतर वाचक भगिनींसाठी लिहिते: कारण ते असेल तर माझा सल्ला बदलतो. तेव्हा गप्प बसून अभ्यास करणं हा उपाय नाही. तारीख-वार नोंद ठेवा, तक्रार लेखी करा आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे कार्यालयात जी अंतर्गत समिती असावी लागते तिच्याकडे द्या. सोबत घरच्या एका माणसाला सगळं सांगून ठेवा.

तर ताई, ह्या वर्षी राजीनामा नको. परीक्षेला बसण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज रेंज ऑफिसमार्फत डीएफओंकडे करा, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घरी ठेवा. येता मोहाचा हंगाम बीटवर काढा. तो काढल्यावर जूनमध्ये, पाऊस लागून वणव्याची ड्युटी संपली की पुन्हा विचार करा. तेव्हाही जावंसं वाटलं तर जरूर जा, आणि तेव्हा पत्र लिहिलंत तर कोणत्या विभागात कशी बदली मागायची ते आपण नीट बघू.